उजव्या गालावरचा हात

(पुण्यातल्या एका हॉस्पिटलची खोली. इंद्रजीतच्या उजव्या कानामागे पट्टी.)

उत्कर्षा : आई, दाराशी काय उभ्या राहिलात? तुमच्या लेकाशेजारची खुर्ची रिकामी आहे.

मैना : हितंच बरी हाय मी. त्याला पडू दे निवांत.

इंद्रजीत : आई, सकाळी गरम चहा प्यायलो. दात घासले. गालावर पंख्याचा वारा येतोय, तरी ती कळ नाही.

मैना : देव पावला. आन् त्या दाढा काढल्या त्या?

उत्कर्षा : फुकट गेल्या बिचाऱ्या. दुखणं दाढेत नव्हतंच. डोक्यात एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकली होती, सारखी घासायची. डॉक्टरांनी कानामागून जाऊन दोघींच्या मध्ये इवलासा बोळा ठेवला.

मैना : रगताची नळी व्हय? म्हंजी कुनाच्या हातानं न्हाई झालं?

इंद्रजीत : हातानं कसं होईल?

मैना : खराडीच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, तवा म्या तुझ्या तोंडावरनं हात फिरवला, अलाबला घेतली. आन् तू गाल धरून खालीच बसलास. पैली कळ ती. मला वाटलं, माझीच दिष्ट लागली.

उत्कर्षा : म्हणून तेव्हापासून त्याला हात लावत नाही तुम्ही? आम्हाला वाटायचं, दुखेल म्हणून जपताय.

मैना : जपतच हुते की.

इंद्रजीत : अगं, दाढी करताना कळ यायची, गाडीवर वारा लागला तरी यायची. वाऱ्याची पण दृष्ट लागली का मला? नळी आधीपासूनच टेकली होती, आई. तुझा हात फक्त तेव्हा लागला.

मैना : डॉक्टरीनबाई बी आसंच म्हनल्या?

उत्कर्षा : अगदी असंच. मघाशी आल्या होत्या, तेव्हा तुम्हीच विचारायचंत.

मैना : लेकरू परत दिलं गं त्यांनी मला. अलाबला घ्यावी वाटली, पन हात आखडला. लांबनंच हात जोडले.

इंद्रजीत : मग आता आधी माझी घे. त्या संध्याकाळी येतील, तेव्हा त्यांची घे.

मैना : दुखलं तर सांगशील?

इंद्रजीत : सांगेन. ये.

मैना : हे बघ, लावला. दुखतंय?

इंद्रजीत : नाही गं.

उत्कर्षा : आई, बोटं मोडायची राहिली.

मैना : मोडते. जरा येळ हात आसाच राहू दे.