झोपतो कुठे?

— नाही, थांबा, हवेचा सिलिंडर भरायला अजून दहा मिनिटं आहेत, तोवर सांगा, तुम्ही नक्की करता काय? फिरायला आलोय म्हणालात, आणि बाबांनी लगेच मान डोलावली — त्यांच्याशी कोणी दोन शब्द गोड बोललं की झाला तो देवमाणूस. मी तशी नाही. पाण्यात उतरायचं सामान भाड्याने न्यायला इथे जो येतो, तो शार्कबद्दल एकच विचारतो — चावतो का. तुम्ही विचारलंत, झोपतो कुठे.

हसू नका. प्रवाळातला पांढऱ्या टोकाचा शार्क — पाठीवरच्या पंखाचं टोक पांढरं, लांबीला माणसाएवढा, स्वभावाने गरीब — दिवसा गुहेच्या तळाशी आडवा पडून राहतो. श्वासासाठी त्याला पोहत राहावं लागत नाही. रात्री शिकार, सकाळी पुन्हा घरी, आणि वर्षानुवर्षं बहुधा तेच घर. म्हणजे घर सापडलं की अख्खं खटलं सापडलं. माहीत नव्हतं? मग पिशवीत एवढी जाड दोरी कशाला? बोट बांधायला? बोटीत दोरी आमची असते.

मागच्या वर्षीही एक असाच आला होता, म्हणे फोटो काढायचेत. बाबा स्वतः गुहा दाखवायला गेले, वर चहा पाजला. अकरा होते तिथे — कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी मोजायला लागले आणि मग सवयच लागली, अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेकाला ओळखायची. महिन्याभरात दोन उरले, आणि गुहेच्या तोंडाशी, विकायला पंख कापून नेलेलं एक धड. एका खेपेला दोन-तीन पिल्लं, ती वाढायला कित्येक वर्षं — कधी भरून निघायचं ते? धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याच्या नावापुढे 'असुरक्षित' लिहिलंय. यादी काय पहारा देते? बाबा म्हणतात, झालं गेलं विसर, माणसावर विश्वास ठेवावा. ठेवा म्हटलं खुशाल. म्हणून तर त्यांनाही मी सांगितलेलं नाही, की दीपस्तंभाच्या मागच्या खडकाखाली अजून सात —

काय लिहिलंत तुम्ही?

नाही, मी काही म्हटलं नाही. तिथे नुसती वाळू आहे. सिलिंडर खाली ठेवा. आज बोट जाणार नाही, उद्याही नाही. बाबा, बोटीची किल्ली आणा इकडे.

कोणाला दिलीत?