अर्धं जाळं

आमचा जन्म गोदावरीच्या काठचा, पुणतांब्याच्या खालच्या अंगाला. जात भोयाची, धंदा मासं धरायचा, दुसरं काय सांगू तुम्हाला. नदीच्या पल्याड औरंगाबाद जिल्हा, माझ्या लहानपणी तर तिकडं निजामाचं राज्य हुतं. मासळीला ते कुणी सांगितलं न्हवतं, ती दोन्ही राज्यांत फिरायची. मग दोन्ही काठाच्या म्हाताऱ्यांनी डोह राखायला एक जाळं केलं. जाळं एक, पर तुकडं दोन. अर्धं आमच्याकडं, अर्धं पल्याड. डोह एवढा रुंद की अर्ध्यानं पुरत न्हाई, मासा बाजूनं निघून जातो. शिमगा झाला की दोन्ही तुकडं दोरीनं गाठायचं, एकदाच वढायचं, मोठं मासं वाटून घ्यायचं, आन दोरी सोडून तुकडं आपापल्या घरी. बाकी वर्षभर डोहाला हात न्हाई. पुरात अंडी घालनारी मासळी तिथंच उन्हाळा काढती, ती गेली की नदीत मागं काय राहत न्हाई. शपथ न्हाई, कागद न्हाई, एकमेकांवर इस्वास तर त्याहून न्हाई. माझी बायको सखू पल्याडची, तिचा भाऊ दगडू तिकडचं जाळं सांभाळायचा, आन आमच्या लग्नाच्या मांडवातच त्यानं मला चोर म्हनलं हुतं. वाटनीत मी एक मरळ धोतरात लपवली असं त्याचं म्हननं. लपवली हुती, पर ते वेगळं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नदी आटली, नुसती वाळू, त्यात आमचा डोह तेवढा राहिला. शिमग्याला वढायचं न्हाई असं दोन्ही काठांनी ठरवलं, आन उन्हाळ्यात दोन्ही जिल्ह्यांच्या साहेबलोकांना कळलं की इथं काहीतरी राखलंय. लगेच सभा. मांडव वाळूत, बरोब्बर हद्दीवर, आन अध्यक्षाची खुर्ची कोनत्या जिल्ह्यात ठेवायची हेच्यात निम्मी दुपार गेली. प्यायला पानी न्हवतं, पर हार ताजे हुते. मासळीखात्याचा साहेब बोलला, लांब समुद्रात बारकी बारकी बेटं हायेत, एकेक बेट म्हंजी एकेक देश, तरी ते मिळून समुद्र राखत्यात, तुमी त्यांचे भाऊ. दगडू मागनं म्हनला, त्यांच्या मधी पानी हाय साहेब, म्हनून भाऊ. सगळे हसले, मी बी हसलो. मग टाळ्या, चहा, आन जीपा गेल्या.

जीपा गेल्यावर मी डोह पावलांनी मोजला, आन घरामागं माझं अर्धं जाळं पसरून ते बी मोजलं. डोह आटून आकसला हुता, पुरत हुतं. वर दोन हात उरत हुतं. आता माझं पुरतं तर दगडूचं बी पुरनार, दोन्ही तुकडं सारखंच विनलेलं. काय सांगू, त्या दिसापास्नं भाकर गोड लागंना. सखू म्हनली, दादाला जाऊन इचारा की. मी म्हनलं, तो खरं सांगनार व्हय. ती म्हनली, तुमी सांगाल का. मी म्हनलं, गप बस.

पाच-सहा दिस काढले, मग एका सकाळी चुलतभावांना घेतलं आन वढलं. सगळं आलं. मरळ, वाम, पोटं गाभोळीनं टच्च फुगलेली. निम्मं वाळवलं, निम्मं उन्हात नासलं.

दगडू पल्याडच्या काठावर आला. शिवी दिली न्हाई, दगड मारला न्हाई, नुसता बसला. मीच म्हनलं, तू वढनारच हुतास, मी आधी वढलं. तो म्हनला, दाजी, कशानं वढनार, आमचा तुकडा उसवून छावनीत बैलांना दावी केलीत, सभेच्या आधीच. मी म्हनलं, मग सांगायचं न्हाई का. तो म्हनला, सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्याच दिवशी वढलं असतं.

औंदा पाऊस झाला, नदी दुथडी गेली. पानी निवळल्यावर जाळं टाकतो, शेवाळ येतं, बोटाएवढी पिलं येत्यात, ती बी मोजकी. मी आता रस्त्याच्या कामावर खडी फोडतो. सखू माहेराला जाती, आली की दोन दिस बोलत न्हाई, मग आपसूक बोलती.

तुमी इचारता, दगडूनं सांगितलं असतं तर मी थांबलो असतो का. न्हाई. दुसऱ्या दिवसाची बी वाट बघितली नसती, त्याच संध्याकाळी वढलं असतं. लिहून घेताय तर लिवा तसंच. फकस्त दगडूला वाचून दाखवू नका, तो लई दिस हसंल.