बाटली रिकामी, माणूस कोरडा

...नाही, पण मला एक सांगा, वीस वर्षं जो माणूस जमिनीखालचं पाणी शोधतोय, त्याला घरातल्या एका बाटलीचा पत्ता लागू नये? नळखात्यात आहे हो मी! गळती शोधतो. लोखंडी कांडी रस्त्याला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि ऐकत राहायचं, खाली नळ फुटला असेल तर बारीक फुसफुस येते. लोक थांबून विचारतात, "काय म्हणतोय रस्ता?" म्हणू दे त्यांना! दोन पुरुष खोल गेलेली गळती मी कानानं सांगितलीय. आणि घरात? एक लिटरची बाटली! सकाळी भरलेली, चारला रिकामी, आणि पिणारा माणूस मात्र खारकेसारखा वाळलेला! मग पाणी गेलं कुठे?

पिणारा म्हणजे आमचे सासरे. वय शहात्तर. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर नुसता पत्रा, आणि गेल्या उन्हाळ्यात तिथेच एकटे असताना चक्कर येऊन पडले, दुपारभर कुणाला पत्ता नाही! तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, या वयात तहान कळत नाही, तहानेची वाट बघू नका, दर दोन तासांनी पाणी द्या, पुन्हा असं झालं तर मी हमी देणार नाही. म्हणून यंदा ऊन तापायला लागल्या लागल्या ही त्यांना आमच्याकडे घेऊन आली. ही म्हणजे आमची बायको. आणि आल्याच दिवशी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी! "अख्ख्या शहराच्या पाण्यामागे फिरता ना? मग माझ्या बाबांच्या पाण्याचंही तुम्हीच बघायचं!"

बघितलं! मी म्हणजे कामाला चोख माणूस. हिची नेलपॉलिश घेतली आणि बाटलीवर चार रेघा मारल्या. दहा, बारा, दोन, चार. सासऱ्यांच्या फोनमध्ये गजर लावून दिले. उन्हामुळे आमच्या साहेबांनी कामाच्या वेळा बदलल्यात, सकाळी सहा ते अकरा, मग थेट संध्याकाळी, त्यामुळे दुपारी मी जातीनं हजर. सासरे गोड माणूस. "पितो हो जावईबापू, तुम्ही निश्चिंत असा."

आणि खरंच हो, पाणी बरोबर रेघेवर! दोनला दोनच्या, चारला चारच्या. एक बोटभर वर नाही, खाली नाही. मला तर अभिमानच वाटायला लागला. पण तिसऱ्या दिवशी बघतो तर ओठ फुटलेले. हात हातात घेतला, सहज, जावई म्हणून, आणि मागची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी! बरं, घामातून गेलं म्हणावं तर बनियन कोरडा. बाथरूमला गेले म्हणावं तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी हिचा घरातला शिवणाचा वर्ग सुटल्यावर एकदा. आता हे मी कसं मोजलं ते विचारू नका, सासरे आहेत, थेट थोडंच विचारता येतं! पण आमच्या खात्यात साधा नियम आहे, टाकीत आलं तेवढं कुठूनतरी बाहेर पडलंच पाहिजे. इथे लिटरभर आत, बाहेर जवळजवळ काही नाही, आणि टाकीही कोरडी! मग पाणी गेलं कुठे?

तुम्हाला सांगतो, झोप उडाली माझी. आणि त्यात खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले आले. घड्याळं दुरुस्त करतात, घरातच, मागच्या खिडकीशी टेबल आहे त्यांचं. डोळ्याला ते भिंग तसंच लावलेलं, त्या मोठ्या झालेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत म्हणाले, "गळती आहे. तुमच्याकडून. माझ्या खिडकीवर."

"कधी येतं पाणी?"

त्यांनी कागद काढला. "दहा वाजता. बारा वाजता. दोन वाजता. चार वाजता. काल बारावाली दोन मिनिटं उशिरा आली."

आता, तुमच्यासारख्या शहाण्या माणसांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला असेल. माझ्या पडला नाही! का नाही पडला? कारण मी तज्ज्ञ! मी म्हटलं, वा! वीस वर्षांच्या नोकरीत अशी वेळ पाळणारी गळती बघितली नाही, हा नक्की पंपाच्या दाबाचा प्रकार! कांडी काढली, भिंतीला लावली, ऐकतोय, ऐकतोय... हिच्या वर्गातल्या बायका मशीन थांबवून माझ्याकडे बघतायत. काही ऐकू येईना. मग छिन्नी आणली आणि बाथरूमच्या तीन फरश्या फोडल्या. आत नळ ठणठणीत! ही म्हणाली, "अजून एक फरशी फोडलीत तर बघा."

आणि दुसऱ्याच दिवशी, साडेतीन वाजता, बाहेर ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका, आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज. "सावकाश! सावकाश खाली घे! डावीकडे माणूस आहे!" धावत गेलो. खुर्चीत बसलेत, अंग तापलेलं, डोळे भलतीकडेच, आणि दोन्ही हात पुढे, दांडे धरल्यासारखे. क्रेन चालवायचे ना ते! तीस वर्षं क्रेन चालवली, ती आता आमच्या खोलीत चालवत होते. तोंडचं पाणी पळालं माझ्या! ही ओरडली, "बघत काय बसलात?" तिच्या बायकांनी, खरं सांगतो, कमाल केली. एकीनं शिवायला आणलेलं कापड भिजवून अंगावर टाकलं, एकीनं पंखा ओढून आणला, एकीनं गाडी बोलावली. दहा मिनिटांत दवाखान्यात.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, अंग गार केलं, आणि माझ्याकडे वळले. "यांना पाणी कोण देतं?"

"मी. दर दोन तासांनी. रेघा मारून."

"अंगात थेंब नाही यांच्या. मग पाणी गेलं कुठे?"

बघा! माझाच प्रश्न मलाच!

संध्याकाळपर्यंत सासरे शुद्धीवर आले. हिनं हात धरला. "बाबा, खरं सांगा, पाणी कुठे जात होतं?"

त्यांनी तोंड छताकडे वळवलं. मग म्हणाले, "खिडकीतून. भिंतीला लावून, हळूच. आवाज नको व्हायला."

"पण का?"

"अगं, बाथरूम पुढच्या खोलीपलीकडे. मध्ये तुझ्या दहा बायका. मी निघालो की एक मशीन सरकवते, एक कापड गोळा करते, एक म्हणते, या काका, लाजू नका. लेकीच्या घरी दिवसातून सहा वेळा पँट सावरत वरात काढू का मी? त्यापेक्षा प्यायचंच नाही! क्रेनवर तेच केलं. साठ फुटांवर केबिन, उतरायला सव्वाशे पायऱ्या. सकाळी चढलो की सुट्टी होईपर्यंत घोट नाही."

मी म्हटलं, "अहो, मग मला नको म्हणायचं ना!"

तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही इतक्या प्रेमानं रेघा मारल्या होत्या हो. नाही कसं म्हणू?"

रडलो मी तिथे. लपवत नाही. माणूस माझं मन राखायला मरायला निघाला होता, आणि मी फरश्या फोडत होतो!

डोळे पुसायला पिशवीतून रुमाल काढायला गेलो, तर पिशवी पडली आणि माझीच बाटली गडगडत थेट पलंगापाशी. सासऱ्यांनी मान वाकवून बघितली. "जावईबापू, ही सकाळी सहापासूनची ना? मग भरलेली कशी?"

ही बघतेय. डॉक्टर बघतायत. काय सांगू? अहो, उन्हात रस्त्यावर उभा असतो मी, भर चौकात, चारी बाजूंनी माणसं... कुठे जाणार?

तर आता घरात वर्ग आतल्या खोलीत, सासरे पुढच्या खोलीत, बाथरूम चार पावलांवर. मजेत पितात, मजेत जातात, गाल वर आलेत. घड्याळवाल्यांची खिडकी कोरडी. सगळं मार्गी लागलं... माझं सोडून! आता दर दोन तासांनी सासऱ्यांचा मला फोन. तोही कसा? व्हिडिओवर, तोंड दाखवून! "हं जावईबापू, बाटली वर करा. अजून. गिळताना दिसू द्या." खणणारी माणसं फावडी टाकून बघतात हो! आणि मागून हिच्या बायका ओरडतात, "काका, रेघेपर्यंत आलं का बघा!" खिडकी नाही, भिंत नाही, ओतणार कुठे? प्यावंच लागतं.

आत्ता तुमच्याशी बोलायच्या आधीच झालं, दहावालं. अख्खं पाव लिटर.

...काय हो, तुमच्यापैकी कुणाचं घर इथे जवळ आहे का? तळमजल्यावर असेल तर फार बरं.