माप वाढवायचं नाही

— नको मावशी, ती मूठ परत डब्यात टाका. चांगल्या मनानं घेतलीत, कळतंय मला, पण टाका परत. मापटं सपाट भरायचं, वरून बोट फिरवायचं, सांडतील ते तांदूळ डब्यात, राहतील ते पातेल्यात. आमच्या घरात रात्रीच्या खिचडीचं माप वाढवायचं नाही. आणि का वाढवायचं नाही, हे विचारायचं नाही. मी सहा वर्षांची असताना विचारलं होतं, तेव्हा अक्कानं — माझी आत्या, आबांची थोरली बहीण, आत्ता बाहेर तुमच्या यजमानांना तुमच्या जागृतीची पत्रिका विचारतेय ना, तीच — माझं मनगट धरलं आणि म्हणाली, माप वाढावानं नही पोरी, बरकत जास. बास. एवढंच. शाळेत काही विचारलं की बाई शाबासकी द्यायच्या, घरात विचारलं की मनगट धरायचे. बसा ना तुम्ही, तो पाट घ्या. पाणी प्यायला आलात आणि मी भाषण लावलं.

दुपारी तुम्ही जे जेवलात ते पाहुण्यांचं होतं हं. शेवभाजी, पुऱ्या, शिरा. हे आता चाललंय ते आमचं. तुमच्याकडे पहूरला पण रात्री खिचडीच ना? सगळ्या खान्देशात तेच. सोपं, स्वस्त, एक पातेलं, एक फोडणी. लसूण, लाल मिरची, शेंगदाणे, हळद, तूरडाळ, तांदूळ — अर्ध्या तासात घर जेवायला बसतं. वरून कच्चं तेल, पापड भाजायचा. मला आवडते खिचडी, खोटं कशाला बोलू. अमळनेरला होस्टेलला होते तेव्हा मेसच्या भाज्या बघून मला हीच आठवायची. खिचडीचा काही दोष नाही. दोष मापाचा. हे माप घरात चार माणसं होती तेव्हाचं आहे, माझ्या जन्माच्या आधीचं. आता मोजा. आबा. माझा भाऊ हितेंद्र, ज्याच्यासाठी तुम्ही आलात. वना, आमचा सालदार, त्याचा डबा मळ्यात जातो. अक्का. मी. आणि घरची सून, होती ती किंवा येईल ती. किती झाले? सहा. आणि माप? — हो, तेच.

गरिबी नाही हो. तुम्ही येताना पाहिलंत ना, केळीचा ट्रक भरून उभा होता. कोठीत तांदळाची तीन पोती आहेत, उघडून दाखवू? उंदीर खातात त्यातून. उंदरांना माप नाही. — हसू नका मावशी, किंवा हसा, मीही हसायचे पूर्वी.

आणि पुरावाही आहे बरं का. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला पुरावा असतो. मी आठवीत असताना माझ्या आईनं एकदा एक मूठ जास्त घातली. फक्त एक मूठ, मला ताप येऊन गेला होता म्हणून. त्याच आठवड्यात वादळ आलं आणि आमची केळी आडवी झाली. चोपडा तालुक्यातली सगळ्यांचीच झाली होती, ज्यांच्या घरी कुणी मूठ घातली नव्हती त्यांचीही झाली — पण आमची आईमुळे झाली. आबांनी मळ्यातून आल्यावर पहिला प्रश्न काय विचारला असेल? कोणी माप मोडलं? अक्कानं आईकडे बोट दाखवलं. आई पुन्हा कधी बोलली नाही त्यावर. मी दहावीत असताना ती गेली. त्याचं कारण वेगळं होतं. होतं म्हणतात. मला कोण सांगणार तेव्हा, मी पोरगी.

जेवायचा क्रम सांगते, म्हणजे जागृतीला माहीत असलेलं बरं. वनाचा डबा आधी, कारण मळ्यात अंधार होतो. मग आबा आणि दादा. ते दोनदा घेतात, घेणारच, कामाची माणसं. मग अक्का आणि मी. मी का? तर लेक म्हणजे पाहुणी, उद्या दुसऱ्याच्या घरी जायची, तिला मागे बसवत नाहीत. लाड आहेत माझे. मग सून. सून पातेलं घेऊन बसते. ताट नाही घेत, पातेलंच घेते, म्हणजे भांडं कमी घासावं लागतं. सकाळची पोळी उरली असेल तर ती. नसेल तर पातेल्याच्या बुडाला लागलेलं. — हो, रोज. नाही, तिला कोणी उपाशी राहा म्हणालं नाही कधी. तीच तर गंमत आहे. कोणीच काही म्हणत नाही. माप म्हणतं.

हर्षाली वहिनी, दादाची पहिली बायको. तिचा फोटो बाहेर लावलेला नाही, काल काढून कपाटात ठेवला, तुम्ही येणार म्हणून. तुम्हाला काय सांगितलंय, कावीळ झाली होती? — झालंच. मलाही तेच सांगायला सांगितलंय. डिंपल, पाहुणीनं विचारलं तर म्हण कावीळ झाली, पोटात पोर होतं, अंगावर काढलं तिनं. म्हणजे तिचीच चूक. सकाळपासून आबांनी दोनदा घोकून घेतलं माझ्याकडून, जणू तोंडी परीक्षा आहे.

थांबा, डाळ वैरते. — हां.

दोन वर्षं होती ती या घरात. अडावदची. हसायची खूप, तोंडावर पदर धरून, आणि मला ताई म्हणायची, मी तिच्यापेक्षा दीड वर्षानं लहान. आली तेव्हा अशी भरलेली होती, बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या नाहीत. वर्षभरात चढायला लागल्या. दादाच्या लक्षात आलं होतं, तो वाईट नाही मावशी, तेवढं मी म्हणेन. त्यानं एकदा चोपड्याहून तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू आणले, पिशवीत लपवून. अक्काला वास आला. ती रागावली नाही हं, अक्का रागावत नाही. तिनं ते ताटलीत काढले आणि सगळ्यांना एकेक वाटला, घरात आलेलं सगळ्यांचं म्हणाली. वहिनीला पण एक दिला. मलाही दिला. मी खाल्ला. दादा परत कधी काही घेऊन आला नाही. तो असा आहे. वाईट नाही, पण असा आहे.

मग दिवस राहिले. उपकेंद्राच्या सिस्टर आल्या, बोट टोचलं, कार्डावर लाल पेनानं लिहून गेल्या, हिमोग्लोबिन साडेसहा. मी झूऑलॉजीला होते, मावशी. आम्ही प्रॅक्टिकलला एकमेकींचं रक्त तपासायचो. माझं साडेबारा आलं होतं, मॅडम म्हणाल्या छान. म्हणजे साडेसहा म्हणजे काय हे या घरात एकाच माणसाला कळत होतं. सिस्टरनी गोळ्या दिल्या, त्या अक्कानं खुंटीला टांगल्या, पिशवीसकट — त्यानं पोर काळं होतं म्हणे. आणि जास्त जेवलं की पोर मोठं होतं, मग बाळंतपण अवघड जातं, म्हणून दिवसांत तर हात आणखी आखडता. तुझी आजी अशीच दोनदा बाळंत झाली, आमचं काय वाईट झालं, असं अक्का म्हणाली. मी म्हटलं, अक्का, हे विज्ञानाच्या उलट आहे. आबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, हे तुझ्या कॉलेजात सांग.

आणि मी कॉलेजात गेले. सोमवारी सकाळच्या एसटीनं. दर सोमवारी.

शनिवारी यायचे परत. आता हे नीट ऐका, हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगायचं नव्हतं. मी शनिवारी आले की घरात एक पान वाढायचं. माप तेवढंच. मग कमी कुणाचं व्हायचं? — बरोबर. मला कळायचं का? कळायचं. मला दोन अधिक दोन येत नाहीत असं नाही ना. मी जेवायला बसले की वहिनी विचारायची, ताई, अजून देऊ? मला भूक नाहीये, तुम्ही घ्या. आणि मी घ्यायचे. होस्टेलवरून आलेली असायचे, घरची खिचडी, वरून तेल, पापड. एकदा नाही, पुष्कळदा घेतलं. सातव्या महिन्यात एका रविवारी मी हात धुवायला मागे गेले तर ती पातेल्यात पाणी घालून बूड खरवडत होती, आणि ते पाणी पीत होती. मला बघून हसली. मी काय म्हणाले माहितीय? वहिनी, नीट जेवत जा ना. मी. दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं माझ्या पोटात होतं तेव्हा. नीट जेवत जा म्हणे.

नाही, नाही रडत मी. फोडणीची मिरची आहे.

आठवा संपायच्या आत दुखायला लागलं. चोपड्याला नेलं, तिथून रक्त नाही म्हणून जळगावला पाठवलं. दवाखान्यात डॉक्टरीण बाई कार्ड बघत होत्या, त्यांनी वर बघून विचारलं, ही रात्री काय जेवते? साधा प्रश्न. आम्ही चौघं उभे होतो, आबा, अक्का, दादा, मी. अक्का म्हणाली, बठ्ठं खास, पोट भरीसन खास, काय कमी शे तिले? सगळं खाते म्हणे, पोट भरून. बाई एकेकाकडे बघत गेल्या. दादानं मान खाली घातली. मग माझ्याकडे आल्या. माझ्या खांद्याला कॉलेजची सॅक होती, त्यांना वाटलं असेल ही सांगेल. किती वेळ बघत होत्या काय माहीत. मला आत्तासुद्धा वाटतं, त्या थांबल्या होत्या. पंचायत सगळी घरात करते मी, पदवी आहे, तोंड आहे, अक्का मला मिरची म्हणते — आणि तिथं माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. का? आबांनी माझ्याकडे बघितलं होतं, एवढंच. पहाटे वहिनी गेली. मुलगा होता, तोही राहिला नाही. सुतकातसुद्धा खिचडीला हेच मापटं. मी ते सगळ्यांसमोर उपडं केलं, मला वाटलं आता तरी कोणीतरी काहीतरी म्हणेल. आबा म्हणाले, आज जरा जास्त झालीये. एक माणूस कमी होतं ना.

दहा महिने झाले. आणि आता जागृती. दादाला बायको पाहिजे, घराला हात पाहिजेत, मला पुढच्या वर्षी उजवायचं म्हणतात, मग पातेल्याशी बसणार कोण? फोटो पाहिला मी तिचा. गाल चांगले आहेत तिचे.

— ये अक्का. ये, आत ये, दारात कशाला थांबलीस. आबा, तुम्ही पण. दादा, तू बाहेरच थांबणार असशील तर थांब, तिथून पण ऐकू येतं. काय म्हणालात? पाहुणीला काय सांगतेयस? तुम्ही ऐकलंय, म्हणून तर उठून आलात. — नाही आबा, गंमत करत नाहीये, आणि मला तापही नाहीये. — माफी? मावशींची मागते की, आधी का नाही सांगितलं म्हणून. — कावीळ म्हण म्हणताय? आत्ता, यांच्यासमोर? नाही म्हणणार. कावीळ नव्हती. हर्षाली वहिनी आपल्या घरात उपाशी गेली. तुम्ही होतात, अक्का होती, दादा होता, मी होते, आणि मी सगळ्यांत जास्त शिकलेली होते. जळगावला मी गप्प बसले. आता नाही बसणार. तुम्ही दुसरं स्थळ आणा, मी त्यांनाही सांगेन. तिसरं आणा, त्यांनाही. मला उद्या उजवून टाका, मी सासरहून येऊन सांगेन.

अक्का, माझं मनगट सोड.





मावशी, तुम्ही उठा आता. काकांना घेऊन निघा. शेवटची बस पावणेसहाला आहे.