फॉइलमधला रोलर

रोलर धुवायचा कंटाळा कसा अंगाशी येतो, ते माझ्याकडून ऐका. शनिवारी इंदिरानगरच्या घरी हॉलची एक भिंत हिरवी रंगवली, दुसरी रविवारवर ढकलली. ओला रोलर दांडीवरून काढला, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला आणि फ्रिजमध्ये ठेवला. तसा तो वाळत नाही ना!

सकाळी फॉइल सोडतो तर आत आईने वळलेला अळूवडीचा उंडा. मी ओरडलो, "आई, माझा रोलर कुठंय?"

"ते नंतर बघू," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आधी सांग, हे अळू कुठून आणलंस? अर्धा तास उकडतेय. रंग छान सुटलाय, पण सुरी काही शिरत नाही!"

बायको हसून हसून खाली बसली. आई मात्र माझ्यावरच उखडली, "आज रोलर फ्रिजमध्ये ठेवलास, उद्या ब्रश लोणच्यात मुरत घालशील!"