आवाज घेतलाच नाही

हॅलो? … हॅलो, आई? … मीच गं, देनित्सा. … पोचले, केव्हाच पोचले प्लोव्दिवला. … खाल्लं, खाल्लं. स्टँडवर चीज भरलेली बानित्सा घेतली. … तेलकट होती. तुझ्या हातची कशी असेल ती? … अगं ऐक ना.

हो, दादाच्या सिनेमाच्या शाळेतच आहे. … ते तंबाखूचं जुनं गोदाम नाही का, तिथेच. … चांगली आहेत गं माणसं. त्याच्या कार्यशाळेतली सगळी मंडळी थांबलीत माझ्यासाठी. … त्याचा स्वेटर दिला, चष्मा दिला. कान तुटलेला कपसुद्धा दिला. … रडत नाहीये. सर्दी आहे. … बरं, रडतेय. तू गहू निवडलेस का शनिवारचे? … अगं, दादाचा चाळिसावा दिवस म्हणजे अख्खं गाव येणार गव्हाच्या प्रसादाला, जास्त घे. अक्रोड मी आणते इथून.

सापडलं, हो. खूप सापडलं. … डबी असते एक, हार्ड डिस्क म्हणतात, तिच्यात. … सगळ्या कार्यशाळांचं शूटिंग आहे, आणि सगळीकडे दादाच. … अगं, हे नवे डिजिटल कॅमेरे ना, आधी माणसाच्या चेहऱ्याचा रंग जुळवून घ्यावा लागतो त्यांना. तर चेहरा म्हणून हाच बसायचा स्टुलावर. म्हणायचा, माझ्या थोबाडावर जमलं तर कुणाच्याही जमेल. … तुझ्यावरच गेलंय ते थोबाड, मला काय बोलतेस!

फार छान दिसतोय गं. … भिंतभर पडद्यावर. … हाय डेफिनिशन म्हणतात ना, ते हेच. दाढी करताना कापलंय तेसुद्धा दिसतं. आणि कपाळावरची खूण, अक्रोडाच्या झाडावरून पडला होता ती… मी नव्हतं ढकललं! किती वेळा सांगू? … शर्टाचं बटण लोंबतंय. … आता मला काय विचारतेस कोणी लावलं नाही ते! … हो. लावायला हवं होतं कुणीतरी.

काय? … फोन तिकडे धरून काय करू? … नाही, कळलं मला. तुला ऐकायचंय. … थांब ना जरा. … स्तोयनामावशी आलीय का ऐकायला? … शेजारचे सगळेच? … आई, त्यांना म्हणावं… नाही, काही नाही. … धरते गं, धरते, पण ऐक ना आधी.

आई. आवाज नाहीये.

बिघडलेलं नाही काही. … मशीन नवंकोरं आहे. … दुसऱ्या डबीतही नाही. सकाळपासून तेच शोधतोय आम्ही. … कुणी पुसला नाही, आई. घेतलाच नाही. … दादानेच. … हो, आपल्याच दादाने. कार्यशाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी माइक कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ह्याच्या खिशात. म्हणायचा, कान उघडे राहिले की डोळे झोपतात, चित्र शिकायला आलात तर चित्र बघा. … होता ना शहाणा, नको तितका.

त्याचा फोन कुठून आणू? गाडीखाली भुगा झाला ना त्याचा. … माझ्याकडेही आवाज नाही गं त्याचा. फोटो आहेत तीन-चार, आणि तो सगळ्यांत मागे. कधी आलाय का तो पुढे? सगळ्या लग्नांत आपण दिसतो, हा कॅमेऱ्यामागे.

आई? … शिव्या दे हवं तर. त्याला दे, मला दे.

सांगते. काय करतोय ते सांगते, तू बस आधी. … निळा शर्ट. हनुवटीखाली करडा पुठ्ठा धरलाय, रंगासाठी लागतो तो. … बडबड चाललीय. … ओठ हलतायत, पण मला नाही कळत गं. … थांब. थांब, थांब! फोन काढला खिशातून. … दादाने! पडद्यावर! कानाला लावला… आणि लगेच हातभर लांब धरला. … आई, तुझा फोन आहे हा! … अगं, दुसऱ्या कुणाचा फोन एवढा लांब धरेल तो?

इथे बिल्याना आहे, त्याची विद्यार्थिनी. तेव्हा कॅमेऱ्यावर हीच होती. म्हणतेय, सर म्हणाले, 'मातोश्री आहेत, कॅमेरा चालू राहू दे.' … सप्टेंबर. … हो, हिवाळ्यासाठी मिरच्या भाजून भरायचे दिवस! तू अंगणात असशील. आठव ना, काय म्हणाला होता? … 'बरण्यांची झाकणं आण'… ते तू म्हणालीस गं. तो काय म्हणाला? … 'झाकणं कशाला, दुकानच उचलून आणतो'? … हसला! आई, हसला इथे, आत्ता! … हो, बरोबर जुळतंय! पुढे बोल. … 'तू भाज, मी नुसता खायला येतो'… आणि भुवई उडवली बघ, मेला! … पुढे? … आई, पुढे काय म्हणाला?

मिरच्या करपत होत्या. … हं. … म्हणून ठेवलास. … साहजिक आहे गं. मीही ठेवला असता.

नंतर? … नंतर काही नाही. … अगं काही नाही म्हटलं ना. … शपथ नको घालूस. … आई, शपथ नको घालूस!

तो बोलतोच आहे. … तू ठेवलास तरी. त्याला कळलंच नाही. … फोन कानाशी घट्ट धरलाय. आता हसत नाहीये. वर्गाकडे पाठ केलीय आणि काहीतरी सांगतोय तुला. बराच वेळ. … ओठ नाही दिसत, पाठ आहे ना. … विचारलं. बिल्याना म्हणते, घरचं काही हळू बोलत होते, म्हणून तिने मुद्दामच लक्ष दिलं नाही. … वळला. फोनकडे बघतोय. 'हॅलो' म्हणतोय, तेवढं कळतं. … पुन्हा 'हॅलो'. … आणि पुठ्ठा उचलला.

नाही, चेहरा रागाचा नाही. … नंतर बोलला नाही तो तुला? … झाकणं घेऊन आला, जेवला, झोपला. … एवढंच? … मलाही नाही सांगितलं काही. देवाशप्पथ नाही.

आई, असं नाही बोलायचं. तुला काय माहीत होतं? मिरच्या करपल्या असत्या तर हिवाळाभर त्यानेच बोंब मारली असती. … स्तोयनामावशीला दे फोन. … नको? बरं, नको.

ठेवू? … तू ठेव आधी. … ठेव ना गं. … मग नको ठेवूस. मीही नाही ठेवत. … नाही बोललीस तरी चालेल. … आहे, ऐकतेय. … श्वास ऐकतेय तुझा.

आई, ऐक, बॅटरी लाल झालीय माझी. … चार्जर खाली बॅगेत राहिला. … नाही जात खाली, इथेच आहे. … फक्त एवढं ऐक, मध्येच बंद पडला ना, तर मी ठेवला असं समजू नकोस हं. … मी बोलतच असेन. … काय सांगायचंय तुला? … अगं, नंतर कशाला, आत्ताच सांग की. … हो, सांग. … सांग, आई, मी ऐक