निवट्यांसाठी पान

नाही गुरुजी, पुस्तक मी देणार नाही. तुमच्याच हातानं दिलंत — ‘चौथी शिकलीस ना चंद्रावती, मग वाच’ म्हणालात — आणि आता दाजीनं डोळे वटारले म्हणून परत न्यायला आलात. दाजी रापणीचा म्होरक्या, शाळेचा नाही. बसा. दारात उभ्या माणसाशी मी बोलत नाही.

काल देवळात तुम्ही होतात ना, खांबाला टेकून? रापणीच्या एकाच मोठ्या जाळ्यात दर घराचा आपला तुकडा असतो, ज्याचा तुकडा त्याला मासळीचा वाटा — आणि दाजी म्हणाला, ‘चंद्रावतीचो तुकडो काढा, पुस्तक वाचून तिचा डोक्या फिरला, म्हणान रापण रिकामी येता.’ रिकामी का येते? वारा फिरलाय, पाणी गढूळलंय, शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही तोंड उघडलंत? नाही. जमिनीकडे बघत राहिलात. तुकडा गेला तर मी आणि माझी सासू काय खाणार — वाळू?

आणि मी केलं काय? दोर ओढून झाला की बायका टेकतात, त्यांना वाचून दाखवलं. की एकेकाळी जमिनीवर जीव म्हणून नव्हता, गवताची काडी नव्हती, जे होतं ते पाण्यात. मग कुठलासा मासा चिखलात आला, परांवर अंग रेटत — तर पद्मावती म्हणते, ‘अगो, ह्यो तर आपलो निवटो.’ खाडीच्या चिखलात उड्या मारतो तो. म्हणते, ‘तरीच माझो घोव रोज चिखलात लोळता.’ हसल्या सगळ्या. निवट्याचं नाव पुस्तकात नाही, ठाऊक आहे मला. तो मासा कोटी कोटी वर्षांमागचा. पण चाल तीच की नाही?

एवढंच झालं. आता म्हाळाच्या दिवशी खाडीवर निवट्यांना कुणी पान वाढलं ते मला काय माहीत? दाजी म्हणतो पितरांची थट्टा केली. थट्टा कसली — थट्टेसाठी कोण पहाटे उठून वडे तळतं? केळीचं पान चिखलात रुतू नये म्हणून खाली नारळाच्या करवंट्या कोण लावतं, एकेक, सारख्या करून —

असं काय बघताय?

बरं. गोवा सुटला त्या वर्षी माझा माणूस होडीसकट गेला. फळकूटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही. दरसाल दीर म्हाळ घालतो, मी परसात पान ठेवते, आणि कावळा माडावर बसून नुसता बघतो. शिवत नाही. दाजी म्हणतो, त्याचं मन कशात तरी अडकलंय — आणि म्हणताना माझ्याकडे बघतो. जसं काही मीच त्याला छळून समुद्रात घातला. मग वाचलं, की सगळे समुद्रातूनच वर आलेत. जो समुद्रातच राहिला त्याच्यासाठी कावळ्याच्या किती विनवण्या करायच्या? नेलं पान खाडीवर, ओहोटीला. आणि आले, गुरुजी. आधी एक, मग आणखी, डोळे वर काढून, पानावर चढले, भात विस्कटला. मी तिथंच चिखलात बसले. इतक्या वर्षांत म्हाळाचा घास त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या घशाखाली उतरला.

हे दाजीला सांगू नका. नाही — सांगाच. चंद्रावतीनं ठेवलं, पुढच्या वर्षीही ठेवणार. तो तुकडा माझ्या माणसानं विणलाय. काढायचा तर उद्या रापण टाकताना माझ्या हातातून काढ म्हणावं. तुम्ही याल? पुस्तकात काय आहे ते चारचौघांत सांगाल?

मान वर करा, गुरुजी.

नाही ना. उठा मग. मला पहाटे किनाऱ्यावर जायचंय.